गोवा–ब्रिटिश हिंदुस्थान जकातमुक्ती करार, १८८०–१८९२: सेवा कशी होती?

ही सेवा १४ जानेवारी १८९२ रोजी बंद पडली, त्यामुळे ती घ्यावी की नाही हा प्रश्न उरलेला नाही. तरी परीक्षण लिहिण्याजोगं आहे. शेजारच्या दोन वसाहतींनी एकमेकींचा माल जकातीशिवाय सोडायचा ठरवला की काय काय होतं, याचा इतका सांगोपांग नमुना आपल्या टापूत दुसरा नाही. सीमेवरची नाकी उठली, नाणं जुळलं, घाटातून आगगाडी आली, मिठागरांवर परका अंमलदार येऊन बसला, बारा वर्षं भरली आणि नाकी होती तिथे परत आली.

गिऱ्हाईक कोण, हे आधी ठरवायला हवं. सरकारांनी एकमेकांशी केलेला कागद म्हणून पाहिलं तर त्याचं परीक्षण इतिहासाच्या पुस्तकांत मिळेल. इथे पाहायचं आहे ते बेळगावचा कापडव्यापारी, गोव्यातला मिठागरवाला, माडावर चढणारा रेंदेर, वेंगुर्ल्याचा अडत्या आणि पणजीचा खजिनदार यांच्या बाजूने. एकाच कराराला या पाच जणांनी पाच वेगळे गुण दिले असते.

कागदावर काय मिळत होतं

सह्या लिस्बनमध्ये २६ डिसेंबर १८७८ रोजी झाल्या. ब्रिटनकडून तिथला राजदूत रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालकडून परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्वो. अंमल १५ जानेवारी १८८० पासून, मुदत बारा वर्षांची. करार व्यापाराचा आणि गुन्हेगारांच्या प्रत्यर्पणाचा असा जोडकरार होता. नाकी उठल्यावर माल जसा सहज सीमेपार जाणार तसे फरारीही जाणार, हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात आलेलं दिसतं.

मुख्य आश्वासन साधं होतं. गोव्याच्या जमिनीवरच्या सीमेवरची जकात बंद. म्हणजे उत्तरेला सावंतवाडी संस्थान, पूर्वेला बेळगाव जिल्हा, दक्षिणेला उत्तर कानडा, या तिन्ही बाजूंनी माल येऊ-जाऊ द्यायचा. दमण आणि दीवही त्यात आले. बदल्यात गोव्याच्या बंदरांत ब्रिटिश हिंदुस्थानचंच जकातीचं दरपत्रक चालवायचं, म्हणजे स्वस्त बंदरातून माल घुसवून महाग बाजारात विकायची पळवाट राहत नाही. मुरगावपासून घाटावरच्या ब्रिटिश रेल्वेपर्यंत लोहमार्ग टाकायचा. गोव्याच्या मिठावर ब्रिटिशांचा ताबा. दारूला मुंबई इलाख्याच्या धर्तीवरची अबकारी. अफूचं उत्पादन आणि निर्गत पोर्तुगीज मुलखातून जवळपास बंद. आणि या सगळ्याची भरपाई म्हणून ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने गोव्याला वर्षाला ४ लाख रुपये द्यायचे.

बारीक अक्षरांतला भाग इथेच आहे. व्यापार ‘मुक्त’ झाला, पण मीठ, दारू आणि अफू यांना वेगळे नियम लागले. आता गोव्याकडे घाटावर विकण्याजोगं काय होतं ते पाहा. नारळ, सुपारी, मासळी होती, पण पैसा करून देणारा ठोक माल म्हणजे मीठ, आणि त्याखालोखाल माडाची आणि काजूची दारू. ज्या मालात गोवा तगडा होता तोच मुक्तीच्या यादीबाहेर ठेवला गेला. शेजाऱ्यांमधला कुठलाही ‘मुक्त’ व्यापाराचा करार हातात आला की पहिल्यांदा अपवादांची यादी वाचावी, कारण खरा सौदा तिथे असतो.

मीठ

या एका वस्तूवर जास्त वेळ घालवावा लागेल, कारण ब्रिटिशांनी करार केला तो मुख्यतः मिठासाठी.

१८७८ च्या सुमारास मुंबई इलाख्यात मिठावरचा कर मणाला २ रुपये ८ आणे झाला होता. मण म्हणजे ८२ रत्तलांहून थोडा जास्त, आजच्या मापात सव्वासदतीस किलो. मीठ पिकवायला लागणारा खर्च मणामागे काही आण्यांचा. म्हणजे बाजारात गिऱ्हाईक जे मोजत होतं त्यातला बहुतेक भाग कराचा. एका लादणीच्या बैलावर तीन मण घातले तर त्या बैलाच्या पाठीवर ७ रुपये ८ आण्यांचा कर बसतो. रामघाटाने किंवा पारपोलीच्या घाटाने दहा बैलांचा तांडा नाकं चुकवून वर चढला की ७५ रुपये सुटले. मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी ही रक्कम. इतका फायदा असताना चोरटं मीठ थांबवायला सीमेवर कितीही शिपाई ठेवले तरी अपुरेच पडतात, आणि त्यांचा पगार निराळा.

उत्तर हिंदुस्थानात याच मिठासाठी उभारलेली काटेरी कुंपणाची लांबलचक जकातरेषा १ एप्रिल १८७९ ला सोडून देण्यात आली. तिथे सांभरसारखी मिठाची ठिकाणंच सरकारने आधी करारांनी ताब्यात घेतली होती. रस्त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा जिथे मीठ पिकतं तिथेच कर घ्यावा, हा त्यामागचा हिशोब. गोवा हे पश्चिम किनाऱ्यावरचं उरलेलं भोक होतं आणि ते बुजवायची किंमत वर्षाला ४ लाख ठरली. याला जुना दाखलाही होता. १८१५ मध्ये पाँडिचेरीच्या फ्रेंचांशी मिठाबद्दल असाच करार झाला होता आणि त्यातही वार्षिक आकडा ४ लाखांचाच, फक्त सिक्का रुपयांत.

आता मिठागरवाल्याच्या जागी उभं राहून पाहू. मिठाचा हंगाम पावसाळा संपून जमीन वाळल्यावर सुरू होतो आणि मे महिन्याअखेर आटोपतो. भरतीचं पाणी फाटकातून पहिल्या मोठ्या वाफ्यात घ्यायचं, तिथे गाळ बसू द्यायचा, मग एकाहून एक उथळ वाफ्यांतून फिरवत आटवायचं. समुद्राचं पाणी बॉमे मापावर (पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) साडेतीनच्या आसपास असतं. ते २५ अंशांवर आलं की मीठ धरायला लागतं. ३० च्या आत उरलेलं कडवट पाणी काढून टाकलं नाही तर त्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठात उतरतात. असं मीठ चवीला कडू लागतं आणि हवेतली ओल ओढून पाझरत राहतं. कसबी मीठगावडा हे मापाशिवाय, पाण्याचा रंग आणि पायाखालचा चिकटपणा पाहून ओळखतो.

इथवर कराराचा काही संबंध नाही. तो येतो मीठ ओढून रास घातल्यावर. नव्या पद्धतीत पिकवायला परवाना, साठवायला ठरलेली जागा, उचलायला वजन, वजनावर कर आणि कर भरल्याचा कागद मिळाल्यावर माल बाहेर. मिठागरवाल्याची अडचण नेमकी ‘उचलायला’ या शब्दात आहे. वजन उचलताना होतं. रास उघड्यावर असते, तिच्यावर गवत आणि झावळ्या शाकारून चिखल लिंपतात, तरी एका पावसाळ्यात मीठ घटतंच. गिऱ्हाईक असो वा परवाना, दोन महिने उशीर झाला आणि मध्ये जून आला की ती घट मालकाच्या माथी. पूर्वी हंगामाच्या शेवटी होडीत किंवा बैलावर घालून जमेल त्या भावाला विकून मोकळं होता येत असे. आता विक्रीची वेळ त्याच्या हातात राहिली नाही. मोठा भाटकार, म्हणजे जमीनदार, एक वर्ष माल धरून बसू शकतो. चार वाफ्यांच्या धन्याला ते जमत नाही.

एका गोष्टीचं श्रेय मात्र द्यायला हवं. कर ठिकाणावरच घेतला गेल्यामुळे सीमेवर प्रत्येक पडाव आणि प्रत्येक पोतं उसकून पाहण्याचं कारण संपलं. तांदूळ किंवा नारळ नेणाऱ्याचा त्रास खरोखर कमी झाला. मिठागरवाल्याच्या गळ्याला फास लावून बाकी सगळ्यांचा रस्ता मोकळा केला, असा हा सौदा होता. मिठापुरते गुण: पाचपैकी एक.

माड आणि अबकारी

मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा नुकताच आला होता आणि त्याची चौकट गोव्यात आणायची होती. यात त्रास दराहून जास्त आकारणीच्या पद्धतीचा. सूर म्हणजे माडी; तिच्यासाठी राखलेला माड नारळ देत नाही, कारण पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, उमलण्याआधीच बांधून तिचं टोक छाटत राहावं लागतं. रेंदेर दिवसातून तीनदा झाडावर जातो, सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी फक्त छाट द्यायला. कर झाडामागे असेल तर तो ठरतो झाड बांधलं तेव्हा, सूर किती उतरली यावर नाही. पोयीला कीड लागली, वारा सुटला, रेंदेर तापाने पडला, तरी झाडाचा पैसा द्यावाच लागतो. साहजिकच कमी सूर देणारे माड आधी सुटतात आणि दारू गाळण्याचं काम मक्ता घेऊ शकणाऱ्या थोड्यांच्या हातात जातं.

गुण दीड. तो अर्धाही अशासाठी की दोन्हीकडची पद्धत सारखी झाल्यामुळे सीमेच्या दोन बाजूंना दोन भाव ठेवून होणारी दारूची चोरटी नेआण कमी फायद्याची झाली.

नाणं: पूर्ण गुण

करारातला सर्वांत कमी गाजलेला आणि सर्वांत नीट चाललेला भाग हाच. १८८१ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानसाठी नवा रुपया आला. वजन आणि कस ब्रिटिश रुपयाइतकाच, आणि तो पाडलाही कलकत्त्याच्या टांकसाळीत. एका रुपयाचे १६ टांग, जसे इकडे १६ आणे. आधी असुर्पी आणि रेइश या जुन्या गोवेकरी नाण्यांच्या हिशोबात प्रत्येक व्यवहारात सराफाचा बट्टा जात असे. बेळगावच्या व्यापाऱ्याला मडगावची हुंडी वटवताना पडणारा हा छुपा कर कुठल्याही नाक्यावर दिसत नव्हता, पण जकातीइतकाच खिशाला लागत होता. शेजाऱ्यांनी जकात उठवून नाणी वेगळी ठेवली तर अर्धी बचत सराफाच्या पेढीवर जिरते. ज्याने हे कलम आग्रहाने धरलं त्याला व्यवहार कळत होता.

रेल्वे: उत्तम माल, उशिरा पोच

बेळगाव-हुबळीच्या व्यापाऱ्याला या सेवेचा खरा मोह होता तो बंदराचा. मुरगाव पावसाळ्यातही जहाजं घेऊ शकणारं बंदर. वेंगुर्ल्याला पावसाळ्यात काम बंद, आणि एरवीही माल होड्यांतून उतरवून बैलगाड्यांनी घाट चढवायचा. मुरगावहून थेट डब्यात माल भरून हुबळीला उतरवता आला तर कापसाचा आणि धान्याचा सगळा हिशोब बदलतो.

मीटर मापाचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला, हा मार्ग मुरगाव ते कॅसलरॉक सुमारे ८२ किलोमीटर. त्यात दूधसागरचा घाट, म्हणजे बोगदे, पूल आणि चढावर जादा इंजिन. काम इंग्लंडमध्ये उभ्या राहिलेल्या कंपनीकडे, भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगाल सरकारची. कॅसलरॉकला तो सदर्न मराठा रेल्वेला जोडला. इथे मापाचं शहाणपण दाखवलं गेलं. दोन्हीकडे मीटर माप, त्यामुळे डबे तसेच पुढे जाऊ शकत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाची रेल्वे ५ फूट ३ इंचांची आणि न्यू साउथ वेल्सची ४ फूट साडेआठ इंचांची. १८८३ मध्ये दोन्ही रूळ मरी नदीवर आल्बरीपाशी भेटले, आणि प्रवाशाला तिथे गाडी बदलण्यापासून सुटका नव्हती. दोन शेजारी वसाहती, एकच राणी, आणि रूळ जुळेनात.

आपल्याकडची चूक वेळेची झाली. करार सुरू झाला जानेवारी १८८० मध्ये. घाटासकट पूर्ण मार्ग खुला झाला फेब्रुवारी १८८८ मध्ये. करार संपला जानेवारी १८९२ मध्ये. जकात उठलेली आहे आणि रेल्वेही चालू आहे, अशी दोन्ही सुखं एकत्र मिळाली ती जेमतेम चार वर्षं. आधीची आठ वर्षं माल त्याच बैलांवर, त्याच घाटांनी. व्यापारी पेढी आपली अडत, गोदामं आणि उधारीची साखळी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हलवायला दोन-तीन हंगाम घेते. ती हलवून बस्तान बसेपर्यंत मुदत संपत आली. मुदत अंमल सुरू झाल्यापासून न मोजता रेल्वे सुरू झाल्यापासून बारा वर्षं मोजली असती तर हे टळलं असतं. एका वाक्याचा प्रश्न होता.

वेंगुर्ल्याच्या अडत्याची बाजू वेगळी. त्याला या सेवेतून काही मिळालं नाही. बेळगावकडचा त्याचा व्यापार रेल्वेने ओढून नेला, आणि तो करार संपल्यावरही परत आला नाही. कारवारचीही तीच कथा. नाकी परत बसवता येतात, पण एकदा रुळांवर गेलेला माल बैलगाडीवर परत येत नाही.

दरपत्रक दुसऱ्याच्या हाती

करारातली सर्वांत मोठी खोट इथे आहे. शेजारी वसाहतींमध्ये जकातमुक्ती चालवायच्या रीती मुळात तीन. पहिल्या रीतीत दोघांची बाहेरची जकात वेगळीच ठेवतात आणि फक्त एकमेकांच्या मुलखात पिकलेला किंवा बनलेला माल सोडतात. मग नाकं राहतंच, फक्त तिथला कारकून ‘हा माल कुठला’ हे विचारतो आणि दाखला मागतो. दुसऱ्या रीतीत फरकाची जकात घेतात. कॅनडाच्या १८६७ च्या कायद्याचं कलम १२३ असंच आहे: एका प्रांतात जकात भरल्याचा पुरावा दाखवा आणि दुसऱ्या प्रांताची जकात जास्त असेल तर तेवढा फरक भरा. तिसऱ्या रीतीत दोघांचं दरपत्रकच एक करतात, म्हणजे मधलं नाकं पूर्ण उठतं. व्यापाऱ्याला तिसरी सर्वांत सोयीची. खजिनदाराला तीच सर्वांत धोक्याची, कारण दर कोण ठरवणार आणि जमा कशी वाटणार हे दोन प्रश्न त्यात उभे राहतात.

गोव्याने तिसरी रीत घेतली आणि दर ठरवायचे कलकत्त्याने, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने. करार झाला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात बहुतेक आयात मालावर ५ टक्के जकात होती. १८८२ मध्ये मँचेस्टरच्या कापडगिरण्यांच्या दबावाखाली आणि मुक्त व्यापाराच्या धोरणाखाली ती जवळपास सगळीच उठवली गेली. राहिली ती मीठ, दारू, अफू, शस्त्रं अशा मोजक्या मालावर. कलकत्त्याला हे परवडलं, कारण त्यांच्याकडे शेतसारा होता, मिठाचा कर होता, चीनला जाणाऱ्या अफूचं उत्पन्न होतं. गोव्याला आपल्या बंदरात वेगळा दर लावायची मुभा नव्हती. म्हणजे कराराच्या तिसऱ्याच वर्षी कापडावरची आणि इतर आयात मालावरची जकात गोव्याच्या हातून गेली, आणि ती गोव्याने स्वतः उठवलीही नव्हती. हातात उरले ठरलेले ४ लाख. तेही वाढणार नव्हते. १८८८ मध्ये ब्रिटिशांनी मिठाचा कर २ रुपयांवरून पुन्हा २ रुपये ८ आण्यांवर नेला, मणामागे आठ आणे जास्त. गोव्याचे ४ लाख तेवढेच. बारा वर्षांचे मिळून ४८ लाख, मीठ कितीही विकलं गेलं आणि कर कितीही चढला तरी.

ठोक रकमेची भरपाई दिसायला सुटसुटीत असते. दरवर्षी हिशोब नको, भांडण नको. पण ती ज्या आकड्यांवर बेतलेली असते ते हलले की दोघांपैकी एकाला फसवल्यासारखं वाटायला लागतं. ऑस्ट्रेलियात हेच झालं. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागाला, रिव्हरिनाला, मेलबर्न जवळचं. तिथला माल व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरायचा, जकात व्हिक्टोरियाला मिळायची आणि वापरायचे न्यू साउथ वेल्सचे लोक. १८६७ मध्ये तोडगा निघाला: मरी नदीवर नाकी नकोत, व्हिक्टोरियाने वर्षाला ६०,००० पौंड द्यावेत, मुदत पाच वर्षं. व्हिक्टोरियाची संरक्षक जकात चढत गेली, व्यापार वाढला आणि ६०,००० कुणाला कमी आणि कुणाला जास्त वाटू लागले. पुढच्या दशकात नदीवर नाकी परत आली. त्यांचा वैताग इतका होता की १८९३ मध्ये महासंघाची मागणी पुढे रेटणारी परिषद कोरोवा या सीमेवरच्याच गावात भरली.

दक्षिण आफ्रिकेतली रचना आम्हाला जास्त पटते. १८८९ मध्ये केप वसाहत आणि शेजारचं ऑरेंज फ्री स्टेट यांनी जकातसंघ केला. समुद्रकिनारा केपकडे, त्यामुळे जकात केपच्या बंदरात गोळा व्हायची. आत जाणाऱ्या मालावरच्या जकातीतला एक चतुर्थांश केपने वसुलीचा मोबदला म्हणून ठेवायचा, तीन चतुर्थांश आतल्या राज्याला. व्यापार वाढला की दोघांचंही वाढतं, घटला की दोघांचंही घटतं. गोव्याला असाच अंशात ठरलेला वाटा मिळाला असता, निदान मिठाच्या करात, तर १८८८ ची वाढ पणजीतही पोचली असती.

मात्र टक्केवारीही गोठवली की तिची ठोक रक्कमच होते, हे त्याच भागाने दाखवलं. १९१० च्या जकातसंघात बासुतोलँडला ०.८८५७५, बेचुआनालँडला ०.२७६२२ आणि स्वाझीलँडला ०.१४९०० टक्के वाटा ठरला, तिघांचा मिळून १.३१०९७. दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहिण्याइतकी काळजी घेतली, पण तो एकूण वाटा १९६९ पर्यंत हलला नाही.

पणजीच्या खजिनदाराकडून या सेवेला दोन गुण. तेही ४ लाख वेळेवर आणि चांगल्या नाण्यात मिळत होते म्हणून.

बंद पडल्यावर

मुदत संपली आणि नवा करार जमला नाही. गोव्याला आपलं दरपत्रक परत मिळालं आणि ब्रिटिशांनी सीमेवर चौक्या बसवल्या. याचा जाच रेल्वेच्या प्रवाशाला सर्वांत जास्त. चढताना कुळ्याला पोर्तुगीज जकातवाले, कॅसलरॉकला ब्रिटिश जकातवाले. उतरताना हाच क्रम उलटा. एका घाटात दोनदा पेट्या उघडायच्या. ज्या मार्गाची कल्पनाच जकातमुक्त सीमेसाठी केली होती, त्याच्या घाटाच्या दोन टोकांवर नाकी बसली आणि पोर्तुगाल सरकार व्याजाची हमी भरत राहिलं.

कापडाच्या आणि धान्याच्या व्यापाऱ्याने या सेवेला पाचपैकी चार दिले असते, तेही शेवटच्या चार वर्षांच्या जोरावर. मिठागरवाल्याचा एक, रेंदेराचा दीड, खजिन्याचे दोन, आणि वेंगुर्ल्याचा अडत्या शून्याखाली गेला असता. सगळे धरून सरासरी दोनाच्याही आत येते, पण ही सरासरी फारशी कामाची नाही, कारण ज्याने चार दिले आणि ज्याने एक दिला ते एकाच सौद्याची दोन टोकं होती.

मुदतवाढीच्या टेबलावर बसणाऱ्याला एक गोष्ट मात्र आधी कळायला हवी होती. कलकत्त्याची तिजोरी रुपयाच्या घसरणीने आखडत चालली होती, आणि १८९४ मध्ये, करार संपल्यावर दोनच वर्षांनी, ब्रिटिश हिंदुस्थानने आयात मालावर ५ टक्के जकात पुन्हा बसवली. समान दरपत्रकाचं कलम तेव्हा चालू असतं, तर मुरगावच्या धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक गाठीवर ते ५ टक्के गोव्यातही लागले असते.